फाईलमधला चौदा वर्षांचा मुलगा

माझ्या धाकट्या भावाला दिवसा बांधून ठेवत. आमच्या घरात हे वाक्य कुणी कधी मोठ्याने उच्चारलं नाही, म्हणून मी ते आधी लिहून टाकते.

दोर नव्हता. आईने जुन्या सुती लुगड्याची वीतभर रुंद पट्टी फाडली होती आणि ती घडी घालून शिवली होती, त्याच्या कमरेला काचू नये म्हणून. पट्टीचं एक टोक कमरेला, दुसरं पडवीतल्या खांबाला. पाण्याच्या तांब्यापर्यंत आणि दारामागच्या सावलीपर्यंत त्याला जाता यायचं. अंगणाच्या कडेपर्यंत जाता यायचं नाही. अंगणापुढे रस्ता होता आणि रस्त्यावरून टँकर जात.

आमचं गाव मोहोपाड्यापासून चालत अर्ध्या तासावर. बाबा एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार, पोती आणि पिंपं चढवायचे-उतरवायचे. आई सकाळी स्टाफ कॉलनीत चार घरची धुणीभांडी करायची आणि पावसाळ्यात आमच्या दोन तुकड्यांत भात लावायची. भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. जन्मला तेव्हा उशिरा रडला, असं आई सांगते. चार वर्षांचा होईपर्यंत चालला नाही, आणि नीट बोलला तर कधीच नाही. पण कंपनीचा भोंगा त्याला कळायचा. शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की हातातलं टाकून उठायचा आणि बाबांना आणायला निघायचा, रस्त्याच्या बरोब्बर मधून. दोनदा ड्रायव्हरने खाली उतरून त्याला उचलून घरी आणलं. दुसऱ्या वेळी ड्रायव्हर आईला म्हणाला, "पोर सांभाळता येत नाय तर जन्माला कशाला घातलंस?" त्याच दिवशी आईने लुगडं फाडलं.

शाळेत नाव घातलं होतं. आठवड्याने हेडमास्तरांनी बाबांना बोलावून सांगितलं, "नाव पटावर राहू दे, पोरगा घरी राहू दे. पुढच्या वर्गात ढकलायचं आमी बघतो." बाबांना हे उपकार वाटले. माझा भाऊ जेमतेम आठवडाभर फळ्यासमोर बसून पाचवी पास झाला. त्याचे निकाल आईने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेत.

शाळेतून आल्यावर त्याला सोडणं हे माझं काम. दिवसभर ओढून ओढून गाठ दगडासारखी झालेली असायची. आठवीत होते तेव्हापासून मी ती दातांनी सोडवायचे. सुती कापडाची आणि घामाची ती चव मला अजून सांगता येईल.

आमच्या घरात, आणि बापाकडच्या-आईकडच्या दोन्ही घरांत, मी पहिली पदवीधर. हे मी सारखं सांगते आणि लोकांना त्याचा कंटाळा येतो, पण सांगणार. बी.ए. झाल्यावर महामार्गालगतच्या एका कॉलेजात बी.एड.ला गेले, विशेष शिक्षणाच्या. मतिमंद मुलांना शिकवण्याची ती पदवी. आता बौद्धिक अक्षमता म्हणायचं. भावासाठी मी हा मार्ग धरला, असं सत्काराच्या वेळी लोक बोलतात. खरं इतकंच की साध्या बी.एड.ची यादी लागली तेव्हा माझं नाव खाली होतं आणि इथे जागा रिकाम्या होत्या. शेजारची काकू आईला म्हणाली, "येड्यांची मास्तरीण होणार म्हणं तुझी पोर." आई म्हणाली, "शानी लोकं तरी कुटं शिकवायला बोलवत्यात?" तेवढं बोलून ती भांडी घासत राहिली.

दुसऱ्या वर्षाला केस स्टडीची फाईल असायची. एक मूल निवडायचं. त्याला काय येतं, काय येत नाही ते आधी तपासायचं. एक कौशल्य ठरवायचं, त्याचे बारीक टप्पे पाडायचे, दोन महिने शिकवायचं, आणि शेवटी पुन्हा तपासून प्रगती लिहायची. पन्नास गुण. ज्या विशेष शाळेत आम्हाला सरावाला पाठवत तिथे मुलं थोडी आणि आम्ही बाया जास्त. एका मुलाभोवती तिघी-तिघी वही घेऊन बसायच्या. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "घराजवळचं मूल घेतलंत तरी चालेल."

मी भावाला घेतलं. तेव्हा तो चौदाचा होता. कौशल्य घेतलं शर्टाचं बटण लावणं, कारण आई त्याच्या शर्टाला पिना लावायची आणि त्या त्याला टोचायच्या.

फाईलचा पहिला भाग मी जीव ओतून लिहिला. त्याला कोण आवडतं, कशाने घाबरतो, जेवताना कुठला हात पुढे करतो. 'कंपनीच्या भोंग्याला तात्काळ प्रतिसाद देतो, दाराकडे जातो.' 'कापडाची गाठ सोडवण्याचा खेळ त्याला आवडतो.' दुसरं वाक्य लिहिताना पेन थांबलं होतं, आठवतं. तो खेळ नव्हता. पण पट्टीबद्दल लिहायचं तर आईबद्दल लिहावं लागलं असतं. बटण लावण्याचे टप्पे मी चौदा पाडले: कापडाची कड धरणे, बटण चिमटीत धरणे, काजाच्या भोकात कड घालणे, असे एकेक. प्रत्येक टप्प्यासमोर तीन रकाने. हात धरून केलं, सांगितल्यावर केलं, आपणहून केलं.

शिकवायचे होते दोन महिने. मी सकाळी सातला निघायचे आणि घरी परत येईपर्यंत भाऊ पेंगुळलेला असायचा. खरोखर त्याच्यासमोर शर्ट घेऊन बसले ते बारा-तेरा दिवस. त्यात तो तिसऱ्या टप्प्यापर्यंत आला, तेही मी हात धरल्यावर. चिमटीत बटण धरायचा आणि ओढायचा. दोन शर्टांची बटणं तुटली.

फाईल द्यायची तारीख जवळ आली तेव्हा मी शेवटच्या पानावरचा आलेख काढला. पायरी पायरीने वर जाणारी रेघ, हिरव्या स्केचपेनने. खाली लिहिलं: 'विद्यार्थी आता शर्टाची सर्व बटणे स्वतंत्रपणे लावतो.'

पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. वर्गात सगळ्यांत जास्त. मॅडमनी फाईल वर धरून दाखवली आणि म्हणाल्या, "फाईल कशी असावी? अशी असावी." मला लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला. फाईल घेऊन मी घरी आले आणि आईला दाखवली. तिला वाचता येत नाही. तिने हिरव्या रेघेवरून बोट फिरवलं.

"ह्ये काय गं?"

"हा किती शिकला ते हाय."

तिने भावाकडे पाहिलं. तो खाटेवर बसला होता, छातीवर दोन पिना. मग तिने हळू आवाजात विचारलं, "बांदल्याचं लिवलंस का?"

"नाय."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि फाईल मला परत दिली.

पदवी मिळाली. मला तालुक्यात फिरत्या विशेष शिक्षिकेचं काम मिळालं, कंत्राटावर. आज कर्जतकडची एक शाळा, उद्या कुंभिवलीजवळची, परवा डोंगरावरच्या वाडीतली. फाईल मॅडमनी विभागाच्या कपाटात ठेवून घेतली होती. ती तिथे आहे, याहून जास्त विचार मी केला नाही.

सात वर्षांनी मॅडमचा फोन आला. विद्यापीठाची समिती अभ्यासक्रमाचं मूल्यमापन करायला येणार होती. हा अभ्यासक्रम चालू ठेवायचा की प्रवेश थांबवायचे, हे त्यांच्या अहवालावर ठरणार. समितीत माजी विद्यार्थ्यांपैकी एक लागतो. "तुझंच नाव दिलंय," मॅडम म्हणाल्या. "आपली पोरगी आहे म्हणून."

आईने कपाटातून तिची जरीकाठाची साडी काढून दिली. भावाचं लग्न झालं असतं तर ती नेसायची, म्हणून ठेवलेली. "तिकडं मोठी लोकं असतील. अशीच नको जाऊस."

मोठी लोकं दोन होती. अध्यक्ष सर, निवृत्तीला आलेले, सारखे घड्याळ बघणारे. आणि एक सदस्य मॅडम, ज्या ग्रंथालयाची नोंदवही इतक्या बारकाईने बघत होत्या की त्यांचं दुपारपर्यंत तेच चाललं. पहिल्या दिवशी आम्ही इमारत पाहिली. रॅम्प होता. रॅम्पच्या वरच्या टोकाला दार होतं आणि दाराला कुलूप होतं. अध्यक्षांनी विचारलं, "रॅम्प आहे?" मॅडम म्हणाल्या, "आहे सर." अध्यक्षांनी रकान्यात बरोबरची खूण केली. मी कुलुपाकडे बघत राहिले. पहिलाच तास होता.

दुपारी मला केस स्टडीच्या फायली तपासायला दिल्या. गेल्या चार-पाच वर्षांच्या, टेबलभर. मी खूष होते. हे माझं काम, मला कळतं ते काम. वरची फाईल उघडली. मूल वय चौदा, मुलगा. मूल कर्जतच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतलं. पहिल्या पानाच्या शेवटी वाचलं: 'कंपनीच्या भोंग्याला तात्काळ प्रतिसाद देतो, दाराकडे जातो.'

त्या वाडीवर मी दर पंधरवड्याला जाते. तिथे पाखरं ऐकू येतात आणि पाणी भरायला निघालेल्या बायकांची बोलणी. जवळात जवळची कंपनी डोंगरापलीकडे.

दुसरी फाईल उघडली. मूल वय चौदा. शिळफाट्याला बाजाराच्या मागे राहणारं. भोंगा. पुढच्या पानावर, 'कापडाची गाठ सोडवण्याचा खेळ त्याला आवडतो.' तिसरी. चौथीत अक्षर सुंदर होतं आणि भोंग्याच्या जागी शाळेची घंटा केली होती, पण गाठ तशीच. सगळ्यांचे टप्पे चौदा. सगळ्यांच्या शेवटच्या पानावर चढणारी रेघ, बहुतेकींची हिरवीच. सगळी मुलं सर्व बटणे स्वतंत्रपणे लावत होती.

मी हात मांडीवर ठेवून बसले. माझा भाऊ एकवीस वर्षांचा झाला होता, घरी खाटेवर होता आणि त्याच्या शर्टाला पिना होत्या. इथे टेबलावर तो चौदाचाच राहिला होता, वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या गावांत, आणि दर वर्षी नव्याने बटण लावायला शिकत होता.

विभागप्रमुख मॅडम चहा घेऊन आल्या तेव्हा मी उघडी फाईल त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी पाहिलं, लगेच ओळखलं, आणि दार लोटून घेतलं.

"तुझीच आहे," त्या म्हणाल्या. "मॉडेल म्हणून दाखवते मी. पोरी झेरॉक्स काढतात. शिळफाट्याच्या झेरॉक्सवाल्याकडे तर गठ्ठाच आहे, मागितला की देतो."

"मॅडम, ही मुलं खरी नाहीत."

"मुलं खरी आहेत गं. फाईल तुझी आहे." त्या खुर्चीत बसल्या. थकलेल्या दिसत होत्या, सात वर्षांत केस पांढरे झाले होते. "आम्ही दोघी शिक्षिका. फायली किती ते तूच बघतेयस. प्रत्येकीच्या मुलाच्या घरी मी कधी जाऊ? तुला हे लिहायचं असेल तर लिही. मग प्रवेश बंद होतील. त्या वाडीवरच्या पोरी पनवेलला जाणार आहेत का शिकायला? तू गेली असतीस?"

मी गेले नसते. हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनींच्या तोंडी परीक्षा होत्या, समितीसमोर. ती वाडीवरची फाईल लिहिणारी मुलगी आली. तिच्या वाडीतली कॉलेजात पाऊल टाकणारी ती पहिली. ओढणीला तीन ठिकाणी पिना, हात मागे. अध्यक्षांनी फाईल चाळली. "हा मुलगा भोंग्याला प्रतिसाद देतो असं लिहिलंय. भोंगा कुठला?"

ती क्षणभर थांबली. "वाऱ्यावर येतो सर. खालून."

"अच्छा," अध्यक्ष म्हणाले आणि पान उलटलं. ते शहरातले. डोंगरावरून काय ऐकू येतं ते त्यांना कसं कळणार? मला कळत होतं. मी पुढची फाईल जवळ ओढली.

जेवणाच्या सुट्टीत ती नळावर डबा धूत होती. मी शेजारी उभी राहिले.

"मुलगा खरा हाय का?" मी विचारलं. बोली आपोआप घरची आली.

"हाय ताई. आमच्या खालच्या अंगाला राहतो." तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"भोंगा?"

"त्याला भोंगा नाय ठाऊक. त्याला पाऊस पडला का हसू येतं. चुलीतला इस्तू बघत बसतो. बाकी काय नाय करत."

"मग त्याचंच का नाय लिवलंस?"

तिने नळ बंद केला. "लिवलं होतं. पयली फाईल त्याचीच लिवली होती मी. दोन महिने रोज जात होते. ढग आले नायत, हसला नाय, तरी जात होते. बटण धरतो, बस. तेवढंच लिवलं. मॅडमनी परत केली. म्हणाल्या, दोन महिन्यांत काहीच आलं नाही म्हणजे तू शिकवलंच नाहीस. मॉडेल फाईल बघ, त्या मुलाला कसं आलं." ती डबा ओढणीने पुसत राहिली. "मी पुन्हा गेले, ताई. त्याचा हात धरून धरून दुखवला. मंग त्याची आई म्हणाली, त्या फाईलमदल्या पोराला येतं तर आमच्याच पोरात काय खोट हाय का?"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? म्हटलं, असंल."

इतका वेळ मी समजत होते, माझी चोरी झाली. पोरींनी माझा भाऊ पळवला. प्रत्यक्षात मी एक माप करून ठेवलं होतं, आणि त्या मापाने दर वर्षी कुणाचं तरी मूल मोजलं जात होतं आणि कमी भरत होतं. त्यांच्या आयांना घरी जाऊन ते सांगितलं जात होतं.

"ताई," ती म्हणाली, "तुमी सांगणार का त्यांना? माझं वर्ष जाईल. घरात माझ्या लग्नाचं बोलणं चालू हाय. नापास झाले का परत पाठवणार नायत."

ज्या मुलीचं वर्ष जाणार होतं ती मीच होते, फक्त सात वर्षांनी उशिरा आलेली.

संध्याकाळच्या बैठकीत अहवालाचा मसुदा वाचला गेला. इमारत समाधानकारक. ग्रंथालय समाधानकारक, नोंदवहीत काही त्रुटी. केस स्टडीच्या फायली उत्तम, सुसूत्र. अध्यक्षांनी माझ्याकडे कागद सरकवला. "माजी विद्यार्थी प्रतिनिधी, इथे सही."

"फायली सुसूत्र आहेत, कारण त्या एकाच मुलाच्या आहेत," मी म्हणाले. "तो मुलगा माझा भाऊ आहे. त्याला बटण लावता येत नाही. येतं असं मी खोटं लिहिलं होतं."

ग्रंथालयवाल्या मॅडमनी चष्मा काढला. विभागप्रमुख मॅडम खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला? तुमच्या स्वतःच्या पदवीचा प्रश्न येतो यात."

"कळतंय."

"आणि मग इथल्या मुलींचं काय?"

"मुलींनी खरं लिहिलं तेव्हा त्यांना परत पाठवलं गेलं. त्यांना नापास करायचं तर आधी मला करा."

मग अध्यक्षांनी छापील नमुना पुढून मागून पाहिला. "यासाठी रकाना नाही हो," ते म्हणाले. त्यात चेष्टा नव्हती, ते खरंच रकाना शोधत होते. शेवटी 'इतर शेरे' सापडलं. तिथे दोन रेघा होत्या. मी बारीक अक्षरात लिहिलं, दोन रेघांत मावलं नाही तेव्हा समासात लिहिलं. रॅम्पवरच्या दाराचं कुलूपही लिहिलं. मग सही केली.

बाहेर पडताना मॅडमनी मला थांबवलं नाही. फक्त म्हणाल्या, "तुझं नाव मी तुझ्या भल्यासाठी दिलं होतं." त्यानंतर आजपर्यंत त्यांनी माझा फोन उचललेला नाही. मला त्यांचा राग येत नाही. मला ज्यांनी शिकवलं त्यांतल्या त्या एकट्याच होत्या, ज्यांनी माझं घर कुठे आहे ते विचारलं होतं.

पुढचं वर्षभर वाईट गेलं. प्रवेश थांबले. माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपमध्ये एकीने लिहिलं, 'स्वतःची नोकरी लागली, आता शिडी काढून घ्या.' त्याखाली जोडलेल्या हातांची आणि रडक्या चेहऱ्यांची बरीच चित्रं. मग मला ग्रुपमधून काढलं. बाजारात मला पाहून जुन्या वर्गमैत्रिणी भाजीच्या पाट्यांकडे वळायच्या. बाबा, जे कधी काही बोलत नाहीत, ते एकदा म्हणाले, "कंपनीत आमी रोज खोट्या वजनावर अंगठे करतो. कोण मेलं का त्यानं?" त्यांचा खोकला तेव्हा वाढला होता.

विद्यापीठाचं पत्र आलं. माझे केस स्टडीचे गुण रद्द. सहा महिन्यांत नवी फाईल द्यायची, नाहीतर पदवी काढून घेतली जाईल. ज्या मुलींच्या फायली सापडल्या त्यांनाही तेच. वाडीवरच्या मुलीलाही. तिच्या घरच्यांनी तिला मुदत दिली की नाही, हे मी विचारायचं टाळत राहिले.

मी पुन्हा भावाला घेतलं. दुसरं मूल घेण्याचा मला अधिकार नव्हता, असं वाटलं. रोज अर्धा तास. शनिवार-रविवारी दोनदा. आता तो माझ्यापेक्षा उंच, दाढी उगवलेली, हात जड. शर्टाला सुईदोऱ्याने मोठी बटणं लावली, काज मोठे केले. पहिल्या महिन्यात काहीच झालं नाही. मी तसंच लिहिलं: काहीच झालं नाही. दुसऱ्या महिन्यात त्याने मला दोनदा ढकललं. तेही लिहिलं. आई दारात बसून तांदूळ निवडत सगळं बघायची.

फाईल पुरी झाल्यावर मी ती तिला वाचून दाखवायला बसले. पहिलंच वाक्य होतं, 'या मुलाला वयाच्या सहाव्या वर्षापासून दिवसा पडवीच्या खांबाला कापडाने बांधून ठेवलं जात होतं.' मी थांबले.

"वाच की," आई म्हणाली.

मी पुढे वाचलं. रस्ता, टँकर, ड्रायव्हर, शिवलेली पट्टी. गाठ सोडवण्याचं वाचलं, या वेळी खेळ न म्हणता. वाचून झालं तरी तिच्या हातातलं सूप तसंच होतं.

"पट्टी शिवून घेतली व्हती, ते लिवलंस," ती म्हणाली.

"लिवलं."

"कुणाला कळायचं नाय ते. पर बरं झालं लिवलंस." मग ती उठली आणि भावाला पाणी द्यायला गेली. जाताना मला पाठ करून म्हणाली, "मागल्या टायमाला मला वाटलं, तुला माझी लाज वाटती."

मी म्हणाले नाही की वाटत होती.

एका वर्षाने अभ्यासक्रम पुन्हा सुरू झाला, निम्म्या जागांवर. नियम एक बदलला: फाईल जमा करण्याआधी ती मुलाच्या घरी जाऊन घरच्यांना वाचून दाखवायची, आणि त्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा. प्रगती झाली नसेल तर 'झाली नाही' लिहिता येतं, गुण जात नाहीत. मॉडेल फाईल कपाटातून काढली. झेरॉक्सवाल्याकडचा गठ्ठा अजून आहे म्हणतात. वाडीवरच्या मुलीने पाऊस पडला की हसणाऱ्या मुलाची फाईल दिली आणि ती पास झाली. लग्नही झालं तिचं, मुरबाडकडे दिलंय, ती शिकवते की नाही ते मला माहीत नाही.

माझ्या भावाला शर्टाचं सगळ्यांत खालचं बटण लावता येतं, ते मोठं असेल तर, आणि सांगितल्यावर. वरची आई लावते.

नव्या फाईलला मला पन्नासपैकी एकोणतीस मिळाले. पदवी कायम राहिली.